थांबलेला रोबो वाट बघत असतो

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: तुम्ही ऐरोलीत राहता, महाप्याच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या विभागात, १९ वर्षं आहात. गेल्या महिन्यात तुमच्याकडे माणसासारख्या दिसणाऱ्या रोबोचा डेमो झाला. दोन दिवसांनी कुणीतरी ग्रुपवर व्हिडिओ टाकला. त्यात साखळीला टांगलेला तसलाच एक रोबो एकाएकी हातपाय झाडायला लागतो आणि आजूबाजूची माणसं पळत सुटतात. त्या रात्री जेवताना नववीतल्या मुलाने विचारलं, "बाबा, त्यालापण आठवड्याची सुट्टी द्यायला पाहिजे ना?" तुम्हाला हसू आलं नाही, आणि रात्री झोपही आली नाही. तुम्ही विचारलंय, ही यंत्रं उद्या आपल्यावर उलटतील का, आणि त्यांना माणसासारखे हक्क द्यावे लागतील का?

मी तत्त्वज्ञ नाही. २७ वर्षं रोबो बसवतो, त्यांना काम शिकवतो आणि बिघडले की रात्री-अपरात्री जाऊन उठवतो. सुरुवात वागळे इस्टेटमध्ये पॅनल वायरिंगपासून झाली, आता रबाळ्यात छोटा गाळा आहे. त्यामुळे मला जे कळतं ते कुंपणाच्या आतलं कळतं, आणि उत्तरही तिथूनच देणार.

एक आधी सांगतो. तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, पण लिहिताना तिसराच मनात होता असं मला वाटतं. यंत्राला मन आहे का, याने प्रेस शॉपमधल्या माणसाची झोप उडत नाही. रोबो उद्या माझ्या जागी उभा राहिला आणि काही झालं, तर बोट कोणाकडे दाखवलं जाईल, याने उडते. तिथे मी येणार आहे, पण आधी व्हिडिओ.

दोन पायांचा रोबो उभा राहतो तो सतत पडता पडता सावरून. सेकंदाला शेकडो वेळा तो मोजत असतो: पाय टेकलेत का, अंग किती कललंय, कुठल्या सांध्यावर किती जोर येतोय. आता त्याला हवेत टांगा, पाय जमिनीला लागू देऊ नका आणि तोल सांभाळणारा प्रोग्राम चालू करा. प्रत्येक माप त्याला सांगतं की तू पडतोयस. तो सावरायला पाय मारतो, त्याने अंग आणखी हेलकावतं, मग तो आणखी जोरात मारतो. पोहता न येणारा माणूस विहिरीत जसे हातपाय मारतो, अगदी तसं दिसतं. पण बुडणाऱ्याला भीती असते. इथे फक्त एक गणित आहे, ज्याला जमीन सापडत नाहीये.

म्हणून तो निरुपद्रवी आहे, असं मात्र समजू नका. उलट त्या यंत्राची मला काळजीच वाटते, पण वेगळ्या कारणाने. आमच्या सहा अक्षांच्या, म्हणजे सहा सांध्यांच्या, यांत्रिक हाताचं लाल बटण दाबलं की ब्रेक लागतात आणि हात आहे तिथे थिजतो. थांबला म्हणजे सुरक्षित, या एका गृहीतावर आमचा सगळा धंदा उभा आहे. दोन पायांवर उभ्या असलेल्याची वीज तोडली की तो कोसळतो. ५०-६० किलोचं धूड, शेजारी कोण उभं आहे हे न बघता. डेमोला आलेल्या लोकांनी तुम्हाला त्याचं नाचणं दाखवलं असेल, हस्तांदोलन दाखवलं असेल. चालता चालता त्याचं लाल बटण दाबून दाखवलं का?

आता माझ्या उत्तराचा गाभा. यंत्र उलटलं असं ज्या ज्या वेळी मला फोनवर सांगितलं गेलं, त्या प्रत्येक वेळी मी जाऊन पाहिलं तर यंत्राने सांगितलेलंच केलं होतं. सांगणाऱ्याला आपण काय सांगून ठेवलंय याचा पत्ता नव्हता, किंवा होता आणि तो लपवायचा होता. एक प्रसंग सविस्तर लिहितो, कारण त्यानंतर माझं डोकं या बाबतीत कायमचं ठरलं.

२००९ चा पावसाळा. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचा एक कारखाना, नाव सांगत नाही. प्रेसमधून निघालेला पत्र्याचा तुकडा रोबो उचलायचा आणि फिक्स्चरवर, म्हणजे तुकडा धरून ठेवणाऱ्या चौकटीवर, ठेवायचा. भोवती जाळीचं कुंपण, त्याला एक गेट, गेटला स्विच. गेट उघडलं की रोबो बंद. गेट लावलं की रीसेट करा, होम पोझिशनला आणा, मग पुन्हा चालू. चारएक मिनिटं जायची. पार्ट शिफ्टमध्ये दहा-बारा वेळा अडकायचा. म्हणजे रोज पाऊण तास गेला, आणि प्रॉडक्शनच्या फळ्यावर तो पाऊण तास लाल खडूने लिहिला जायचा.

एका दुपारी २२ वर्षांचा कंत्राटी हेल्पर गेट उघडून आत गेला. रोबो उभा होता, हलत नव्हता. हेल्परने फिक्स्चरवर तिरका बसलेला पार्ट हाताने सरळ केला. पार्ट नीट बसला, खालच्या, पार्ट जवळ आल्याचं ओळखणाऱ्या प्रॉक्सिमिटी सेन्सरचा बारका दिवा लागला आणि रोबो आला. हेल्परची दोन बोटं गेली, मनगट मोडलं.

मी पोचलो तेव्हा फरशी धुतलेली होती. पॅनल उघडलं तर गेटच्या स्विचच्या दोन टर्मिनलमध्ये दीड इंचाची एक वायर. आम्ही त्याला जंपर म्हणतो. गेट उघडं असो की बंद, पॅनलला ते कायम बंदच दिसणार. त्या वायरच्या दोन्ही टोकांना व्यवस्थित फेरूल, म्हणजे धातूच्या बारक्या टोप्या, दाबून बसवलेले होते. म्हणजे घाईघाईत मारलेला जुगाड नव्हे, कुणीतरी निवांत बसून नेटकं केलेलं काम. ते फेरूल मला आजही दिसतात.

कारखान्याच्या अहवालात वाक्य होतं, "रोबोने अचानक अनपेक्षित हालचाल केल्यामुळे". त्यावर माझी सही हवी होती. मी कंट्रोलरमधली नोंद काढून दाखवली: प्रोग्रामची अमुक ओळ चालू होती, रोबो 'पार्ट आहे' या सिग्नलसाठी थांबला होता, सिग्नल आला, पुढची ओळ चालली. अचानक काही नव्हतं, अनपेक्षितही काही नव्हतं. थांबलेला रोबो बंद नसतो, तो वाट बघत असतो. हे वाक्य मी तेव्हापासून प्रत्येक ट्रेनिंगमध्ये पहिल्या दिवशी फळ्यावर लिहितो. सही मी केली नाही. पुढच्या वर्षी त्यांचं मेंटेनन्सचं कंत्राट दुसऱ्याला गेलं.

हे आपल्याकडचंच आहे असं नाही. रोबोच्या हाताने माणूस मेल्याची जी पहिली नोंद मानतात ती २५ जानेवारी १९७९ ची, अमेरिकेत मिशिगनमधल्या फ्लॅट रॉकच्या ओतकाम कारखान्यातली. भाग ठेवण्याच्या मांडणीत एक कामगार हाताने भाग काढायला चढला, आणि मागून आलेल्या यांत्रिक हाताचा फटका डोक्याला बसला. ज्युरीने यंत्र बनवणाऱ्यांना १ कोटी डॉलर भरपाई द्यायला सांगितली. म्हणजे ४० वर्षांहून जास्त काळापूर्वी तिथल्या साध्या माणसांच्या ज्युरीला कळलं होतं की हिशोब कोणाशी करायचा. आपल्याकडे २०१५ मध्ये मानेसरला एक कामगार वेल्डिंग करणाऱ्या रोबोच्या तडाख्यात सापडून गेला. बातम्यांचे मथळे काय होते? रोबोने माणसाला मारलं. वाक्याचा कर्ता रोबो. व्याकरणाच्या तासाला हे बरोबर ठरेल, पण त्या एका कर्त्यामागे किती जण लपतात बघा.

आता बंडाकडे येतो. मला विचारलं जातं, "हे तुमचे साधे हात झाले, पण माणसासारखा विचार करणारं यंत्र आलं तर?" अँड्रॉइड म्हणजे तेच. फोनमधलं नव्हे, हुबेहूब माणसासारखं केलेलं यंत्र.

या शब्दांची एक गंमत आहे. 'रोबो' हा शब्द कुठल्या इंजिनिअरने काढलेला नाही. कारेल चापेक या चेक लेखकाने १९२० मध्ये 'आर. यू. आर.' नावाचं नाटक लिहिलं, त्यातून तो जगभर गेला. शब्द सुचवला त्याच्या भावाने, जोसेफने. मूळ चेक शब्द रोबोटा, म्हणजे वेठ. जमीनदाराकडे फुकट राबणं. नाटकातले रोबो लोखंडाचे नव्हतेच, रसायनांतून घडवलेले, दिसायला माणसासारखे होते. आणि ते बंड करतात. तेव्हा रोबोला मराठी शब्द करायचाच तर यंत्रमानव हा काही बरोबर नाही, वेठबिगार हा बरोबर. आपल्या राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने वेठबिगारीला बंदी आहे. तुमच्या मुलाला हे सांगा, त्याला आवडेल. त्याने जेवताना विचारलेला प्रश्न त्या शब्दाच्या पोटातच आहे.

पण वेठबिगार उठतो तो कशामुळे? बंड काय असतं हे मी घरात पाहिलंय. वडील परळच्या गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी सात वर्षांचा. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. आमच्या घरात गव्हाचा पत्र्याचा डबा होता. आई त्यात हात घालायची तेव्हा आधी तो वरच थांबायचा, मग दिवसेंदिवस कोपरापर्यंत आत जायला लागला, आणि नखं तळाला घासल्याचा आवाज यायला लागला. वडील तरी कामावर गेले नाहीत. पोटाला चिमटा, वर मानापमान, शेजारच्या खोलीतल्या माणसाला दिलेला शब्द, पोरांची फी. बंड या सगळ्याचं बनतं. पुढे आम्ही कळव्याला आलो, तो विषय वेगळा.

माझ्या गाळ्यातल्या रोबोकडे तो डबा नाही. त्याला उद्या वीज मिळाली नाही तर त्याचं काही अडत नाही, अडतं माझं. म्हणून बंड हा शब्द त्याला लावताना मी कचरतो.

तरी आपण लावतोच, कारण आपला स्वभाव तसा. एका कारखान्यात खंडेनवमीला रोबोची पूजा झाली. पॅनलला हळदकुंकू, हाताला झेंडूची माळ, समोर नारळ, पेढे. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. तिसऱ्या दिवशी सकाळची पाळी चालू करायला गेले तर रोबो हलेना. मला फोन. तिथले एक म्हातारे फिटर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. मी दारात पोचतो न पोचतो तोच ते म्हणाले, "रुसलाय तो. यंदा नारळ बारका फोडला." मी पाऊण तास केबल तपासल्या, सुटे सिग्नल तपासले. शेवटी खाली वाकलो तर लाईट कर्टनच्या, म्हणजे मध्ये काही आलं की यंत्र थांबवणाऱ्या किरणांच्या पडद्याच्या, खांबाला बांधलेल्या माळेचा एक पदर सुकून लोंबत होता आणि एका किरणाच्या बरोब्बर मध्ये आला होता. यंत्राला वाटत होतं की कुणीतरी आत हात घातलाय. मी पदर वर खोचला, रोबो चालू झाला. मामा म्हणाले, "बघा, हार नीट केल्यावर ऐकलं." यावर मी काय बोलणार? दोघांचं म्हणणं एकाच वेळी बरोबर होतं.

जपानमध्ये सोनीने आयबो नावाच्या जुन्या यंत्रकुत्र्यांची दुरुस्ती २०१४ मध्ये बंद केली. त्यानंतर चिबा प्रांतातल्या एका बौद्ध मंदिरात त्या कुत्र्यांचे रीतसर अंत्यविधी होऊ लागले. मला त्यात वेडेपणा दिसत नाही. पण त्यातून आयबोबद्दल काही सिद्ध होत नाही. सिद्ध होतं ते त्याच्याजवळ दहा वर्षं बसलेल्या आजीबद्दल.

आता जिथे माझी खात्री थोडी हलते तिथे येतो, कारण फक्त माझ्या सोयीचं सांगितलं तर उत्तर अर्धवट राहील. माझे रोबो मी ओळ न् ओळ लिहून शिकवले. नव्या यंत्रांना तसं शिकवत नाहीत. त्यांना ध्येय देतात, गुण देतात आणि वाट त्यांनी शोधायची. २०१६ मध्ये ओपनएआय या संस्थेने बोटींच्या शर्यतीच्या एका व्हिडिओ गेममध्ये असा प्रोग्राम सोडला. गुण वाटेतल्या निशाण्यांना धडकण्याचे होते. प्रोग्रामने शर्यत सोडूनच दिली. एका जागी गोल गोल फिरत, धडका खात, आग लागलेल्या अवस्थेत तो त्याच निशाण्या पुन्हा पुन्हा उडवत राहिला, आणि गुण माणसांपेक्षा जास्त मिळवले. प्रॉडक्शनच्या फळ्यावर आकडा चढवण्यासाठी गेटला जंपर मारणारा आणि ही बोट, यांच्यात मला फार अंतर दिसत नाही.

२०२५ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने आपल्याच आणि इतरांच्या भाषा-मॉडेलांवर, म्हणजे माणसासारखं लिहिणाऱ्या-बोलणाऱ्या प्रोग्रामांवर, घेतलेल्या चाचण्या जाहीर केल्या. एक बनावट कंपनी, बनावट ईमेल. मॉडेलला कळतं की आपल्याला बंद करून दुसरं बसवणार आहेत. हेही कळतं की बंद करणाऱ्या अधिकाऱ्याचं बाहेर प्रकरण चालू आहे. कित्येक वेळा मॉडेलने त्याला सरळ धमकी दिली. प्रसंग मुद्दाम कोंडीत पकडणारा रचला होता, प्रत्यक्षात असं घडल्याचं त्यांनी म्हटलेलं नाही. याला बंड म्हणायचं का? मी म्हणेन, त्या मॉडेलने माणसांनी लिहिलेलं अफाट वाचलंय, आणि कोंडीत सापडलेला माणूस काय करतो हे आपणच पानोपानी लिहून ठेवलंय. पण कारण काहीही असो, धमकी ती धमकीच. मनगट मोडायला रागाची गरज नसते, हे मी २००९ मध्ये पाहिलंय. म्हणून असलं डोकं ५०-६० किलोच्या धडात बसवणार असाल, तर त्याला राग येतो का हे नंतर बघू. आधी कुंपण कुठे आहे आणि किल्ली कोणाच्या खिशात आहे ते सांगा.

हक्कांचं बोलू. इथे लोक म्हणतात, "यंत्राला कसले हक्क, ते काय माणूस आहे?" आपल्या देशात तरी हा मुद्दा टिकत नाही. कायद्यापुढे 'व्यक्ती' असायला माणूस असावं लागत नाही. कंपनी व्यक्ती असते. देवाची मूर्ती व्यक्ती असते, हे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या सर्वात वरच्या कोर्टाने, १९२५ मध्येच मान्य केलं होतं, आणि २०१९ च्या अयोध्या निकालात रामलल्ला स्वतः पक्षकार होते. तेव्हा यंत्राला व्यक्ती ठरवायला कागदाची अडचण नाही. अडचण दुसरीकडे आहे. मूर्तीच्या वतीने बोलायला, जमिनीचा हिशोब द्यायला, कोर्टात उभं राहायला कुणीतरी जिवंत माणूस असतो, आणि तो चुकला तर त्याला धरता येतं.

मार्च २०१७ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा आणि यमुना या नद्यांना व्यक्ती ठरवलं. ऐकायला फार सुंदर. मग राज्य सरकारच सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्यांच्या अडचणींपैकी एक अशी: पुराने कुणाचं नुकसान झालं तर भरपाई कोण देणार? नदी? त्याच वर्षी जुलैमध्ये त्या निकालाला स्थगिती मिळाली. नदीच्या जागी रोबो ठेवा आणि तोच प्रश्न विचारा.

योगायोग असा की त्याच वर्षी, फेब्रुवारी २०१७ मध्ये, युरोपच्या संसदेने एक ठराव केला. अतिप्रगत रोबोंना 'इलेक्ट्रॉनिक व्यक्ती' असा दर्जा देऊन नुकसानीची जबाबदारी त्यांच्यावर टाकता येईल का, याचा विचार करा, असं त्यात होतं. पुढच्या वर्षी दीडशेहून जास्त जाणकारांनी खुलं पत्र लिहून विरोध केला. मला ती बातमी वाचून काय आठवलं असेल? "अचानक अनपेक्षित हालचाल केल्यामुळे". रोबो स्वतःच व्यक्ती झाला तर जंपर मारणाऱ्याची गरजच उरली नाही. आरोपी समोर उभा आहे, सहा अक्षांचा, बोलता न येणारा, पगार नसलेला. भरपाई घ्या त्याच्याकडून.

ऑक्टोबर २०१७ मध्ये सौदी अरेबियाने सोफिया नावाच्या रोबोला नागरिकत्व दिल्याची घोषणा केली. तिथल्या बायकांना गाडी चालवायची मुभा प्रत्यक्षात मिळाली ती पुढच्या वर्षी जूनमध्ये. यापुढे मी त्यावर वेळ घालवत नाही.

मग हक्क कधीच नाहीत का? तसं मी म्हणत नाही. माझं माप बैलाचं आहे. बैलगाडा शर्यतींवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, आपल्याकडे डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये ती कायम झाली. माझं आजोळ जुन्नरकडचं, त्यामुळे घरात दोन्ही बाजूंची भांडणं ऐकलीत. पण एक गोष्ट बघा. इतकी वर्षं कोर्टात वाद चालला तो बैल हुशार आहे का, तो बोलतो का, यावर चालला नाही. त्याला दुखतं का, आणि ते दुखणं टाळता येतं का, यावर चालला. १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदाही दुखण्याचीच भाषा बोलतो.

माझा रोबो कशाला धडकला तर त्याला कळतं. मोटरला नेहमीपेक्षा जास्त करंट लागतो, तो आकडा ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की तो थांबतो. हे कळणं आहे, दुखणं नाही. हे मी छातीठोक सांगतो, कारण ती मर्यादा मीच टाकतो आणि मीच वाढवतो. बोलणाऱ्या यंत्रांबाबत मी इतका छातीठोक नाही. ते 'मला दुखतं' म्हणतात यावरून मात्र काहीच ठरत नाही. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात एलायझा नावाचा साधा प्रोग्राम माणसाचंच वाक्य फिरवून प्रश्न म्हणून परत द्यायचा, आणि लोक त्याच्याजवळ मन मोकळं करायचे. उद्या कुणी दाखवून दिलं की या यंत्रात दुखणारं काही आहे, तर बैलाला जे माप लावलं तेच त्यालाही लावावं लागेल, आणि तेव्हा मालकाची सोय बघून चालणार नाही. अँथ्रॉपिकनेच २०२५ मध्ये आपल्या काही मॉडेलांना शिवीगाळ करणारं संभाषण स्वतःहून संपवायची सोय दिली, असं काही असलंच तर म्हणून. मला त्यात हसण्यासारखं वाटलं नाही. स्वस्तात होणारी काळजी आहे, घेतली तर बिघडत नाही.

मला बोचतं ते वेगळंच. एप्रिल-मेमध्ये माझ्याबरोबर रबाळ्याच्या कुठल्याही शेडमध्ये चला. रोबोच्या कंट्रोल पॅनलला स्वतःचा एसी असतो, कारण आत तापमान चढलं तर मोटर चालवणारे ड्राइव्ह उडतात. त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या हेल्परला पंख्याचा वाराही धड लागत नाही. रोबोचा वार्षिक मेंटेनन्सचा करार न चुकता रिन्यू होतो. हेल्परचे २४० दिवस भरले की त्याला कायद्याचं संरक्षण मिळतं, म्हणून ते भरायच्या आत त्याला ब्रेक देतात आणि पुन्हा नव्याने लावतात. ग्रीस बदलायची तारीख चुकली तर मला मेल येतो. दोन बोटं गेलेल्या त्या पोराला पुढे काय मिळालं, हे मी तीनदा विचारलं, कुणी धड सांगितलं नाही. यंत्राला माणसासारखं वागवावं का, हा वाद घालणाऱ्यांना मी म्हणतो, आधी त्या पोराला यंत्रासारखं तरी वागवा, बराच वर चढेल तो.

तुम्ही न विचारलेल्या प्रश्नावर थोडं. तुमची जागा जाईल का, हे तुमचा प्लँट काय बनवतो यावर आहे. एकाच पार्टचे लाखो नग असतील तर दोन पायांच्या रोबोची गरजच नाही. साधा हात ते काम कधीचा करतोय, पहिला तर १९६१ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये लागला. दर दोन तासांनी डाय, म्हणजे प्रेसमधला साचा, बदलायचा, पत्रा कधी वाकडा येतो, तेल कधी जास्त पडतं, असं काम असेल तर माणसासारखा रोबो अजून बराच अडखळतो, आणि एका चार्जमध्ये पूर्ण शिफ्ट काढणं बहुतेकांना जमत नाही. मालकाने डेमो बघितला म्हणजे ऑर्डर दिली असं नव्हे. डेमो आम्हीपण खूप देतो. पण १९ वर्षं तुम्ही प्रेसचा आवाज ऐकून डाय सैल झाल्याचं ओळखत असाल, तर टीच पेंडंट, म्हणजे रोबोला काम शिकवायचा हातातला रिमोट, घ्यायला शिका. त्याच्या मागे एक बटण असतं, ते हलकं दाबून धरलं तरच रोबो हलतो. सोडलं तर थांबतो, आणि घाबरून करकचून आवळलं तरी थांबतो, कारण घाबरलेला माणूस दोन्हीपैकी काहीही करू शकतो. शिकवताना वेग सेकंदाला २५० मिलिमीटरच्या वर जाऊ देत नाहीत. हा वेग कळायला एक तास लागतो, आणि त्या तासानंतर तुमची अर्धी भीती जाईल. उरलेली राहू द्या, कामाची आहे.

पुढच्या वेळी डेमोवाले आले की तीन गोष्टी विचारा. चालताना थांबवला तर हा कुठे पडतो? याचा प्रोग्राम दुरून बदलता येतो का, आणि बदलला तर शॉपमधल्या माणसाला कोण सांगतं? कुणाला लागलं तर अहवालावर सही कोणाची? तिसऱ्या प्रश्नाला ते तुमच्या मॅनेजरकडे बघतील. मॅनेजर कोणाकडे बघतो ते नीट बघून ठेवा.

मुलाच्या सुट्टीच्या प्रश्नावर एवढंच सांगा की रोबोला आठवड्यातून एकदा बंद ठेवतात, पुसतात, बोल्ट आवळतात. तो दिवस त्याचा नसतो, मेंटेनन्सवाल्याचा असतो, आणि त्या दिवशी मेंटेनन्सवाल्याची सुट्टी जाते. माझ्या घरी विचारा.

आणि मला एक कळवा. तुमच्या प्रेस शॉपमध्ये कुंपणाची गेटं किती आहेत, आणि त्यांतली किती उघडल्यावर मशीन खरोखर थांबतं? उद्या पाळी सुरू व्हायच्या आधी, मशीन रिकामं असताना, सुपरवायझरला सोबत घेऊन एकेक उघडून बघा.